श्वासाचा रकाना

मंगळवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास, क्लिनिकच्या तीन नंबरच्या खोलीत, ब्रिसेदा रोहासने फिदेन्सियो ओरोस्को या पेशंटच्या श्वासाच्या रकान्यात सोळा हा आकडा भरला. श्वास तिने मोजले नव्हते.

सकाळपासूनचा हा तिचा सहावा पेशंट. आधीच्या पाचांपैकी चौघांना तिने सोळा लिहिले होते आणि एका म्हातारीला अठरा. मिनिटाला बारा ते वीस म्हणजे माणूस ठीक. ब्रिसेदा मेडिकल असिस्टंटचा कोर्स करत होती. वर्गातला भाग संपला होता आणि आता क्लिनिकमधली उमेदवारी चालू होती. पेशंटला आत घ्यायचे, वजन करायचे, ताप, नाडी, रक्तदाब, श्वास बघून कॉम्प्युटरवर भरायचे आणि डॉक्टर येण्याआधी खोलीतून बाहेर पडायचे. पगार नव्हता. तास पूर्ण झाले की सही, सही झाली की सर्टिफिकेट, आणि नशिबात असेल तर इथेच नोकरी.

नोकरी तिला कशासाठी हवी होती, हे तिला पक्के ठाऊक होते. हायस्कूल संपल्यावर तीन हंगाम तिने संत्र्यांच्या पॅकिंग हाउसमध्ये सरकत्या पट्ट्यापुढे उभे राहून डागी फळे वेगळी काढली होती. तिच्या आईची उभी हयात त्याच पट्ट्यापुढे गेली. आईला आता उजव्या हाताने स्वतःचे केस विंचरता येत नव्हते.

फिदेन्सियो हा तिचा नीनो. फ्रेस्नोकडची स्पॅनिश बोलणारी पोरे धर्मपित्याला नीनो म्हणतात आणि त्याच्या बायकोला नीना. बाप्तिस्म्याला त्याने तिला हातांवर धरले होते, पण ते झाले चर्चपुरते. खरे नाते शेजाराचे. ट्रेलर पार्कात, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीत, दोन्ही घरांच्या मध्ये एक डाळिंबाचे झाड होते, तेवढेच काय ते अंतर. आई रात्रपाळीला गेली की ब्रिसेदा नीना ओफेलियाच्या हातचे जेवायची आणि त्यांच्याच सोफ्यावर झोपायची. ती मोठी झाली, सोफा बदलला, पण जेवण चालूच राहिले.

कोर्स सुरू झाला तेव्हा तिला सरावासाठी एक हात हवा होता. फिदेन्सियोने आपला दिला. बदामाच्या बागेतून आला की तो अंगावरची धूळ झटकायचा, ट्रेलरच्या पायरीवर बसायचा आणि बाही वर सारायचा. "चल डॉक्टरीणबाई, घे. मेलो असेन तर आत्ताच सांग, म्हणजे उद्या कामावर जायला नको."

शिकवणाऱ्या टॅकेटबाई जहाजावर नर्स म्हणून नोकरी केलेल्या, कोरड्या आवाजाच्या. शाळा म्हणजे गाद्यांच्या दुकानाला लागून असलेल्या दोन खोल्या आणि एक प्लास्टिकचा हात, त्यातून लाल पाणी यायचे. श्वास कसे मोजायचे, हे बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. "पेशंटला सांगायचं नाही. सांगितलं की माणूस फोटोला बसल्यासारखा श्वास घेतो. मनगट धरा, नाडी मोजा. नाडी झाली तरी बोटं तिथंच ठेवा आणि नजर छातीवर. त्याला वाटतं अजून नाडीच चाललीय. पुरतं एक मिनिट." मग फळा पुसता पुसता म्हणाल्या होत्या, "यंत्र देत नाही असा हा एकच आकडा आहे. म्हणून सगळे तो खोटा लिहितात. तुम्हीही लिहाल. मी आपलं सांगून ठेवते."

वर्ग हसला होता. ब्रिसेदाही हसली होती.

घरी येऊन तिने ही युक्ती नीनोला सांगितली आणि तिथेच चुकली. कारण त्यानंतर नाडी झाल्यावरही तिची बोटे मनगटावर राहिली की फिदेन्सियो मुद्दाम श्वास कोंडून धरायचा आणि डोळे फिरवायचा.

"नीनो, नका ना! तुम्हाला कळायला नको आहे ते!"

"मग सांगितलंस कशाला?"

"आता विसरा."

"विसरलो." असे म्हणून तो संत्र्यांच्या बागेकडे तोंड करायचा आणि जगात दुसरे कसले कामच नाही असा बसून राहायचा. पुढेपुढे तो खरेच चांगला बसू लागला. ओफेलियाला आतून हाक मारून सांगायचा, "ऐकलंस का, पेशंटचं काम मला मस्त जमतं. याचंही सर्टिफिकेट मिळतं का विचार हिला." त्याचे आकडे ब्रिसेदाला पाठ झाले होते. तेरा, चौदा, कधी बारा. दणकट माणसाचे आकडे.

क्लिनिकमध्ये तिला शिकवायला डेलफिना होती. डेलफिना तिथली सगळ्यात जुनी असिस्टंट. बारा वर्षे झालेली, बुटकी, पायाला भिंगरी. लहान मुलांना सुई टोचायची तर डेलफिनालाच बोलवायचे; मूल रडायला तोंड उघडते तोवर पट्टी लागलेली असायची. पहिल्या दिवशी ब्रिसेदाने एका पेशंटचे श्वास मिनिटभर मोजले तेव्हा डेलफिना दारात येऊन उभी राहिली.

"काय चाललंय, राणी?"

"श्वास मोजतेय."

"पेशंट बोलतोय ना तुझ्याशी?"

"हो."

"म्हणजे श्वास चालूय. सोळा लिही नि चल बाहेर. चार नंबर रिकामी आहे आणि डॉक्टर पॅसेजमध्ये घड्याळ बघत उभेत."

दुसऱ्या दिवशीही ब्रिसेदाने मोजले. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर खुर्च्या पुरेनात, एक बाई मूल घेऊन जमिनीवर बसली, आणि डॉ. होल्कम डेलफिनाला सगळ्यांसमोर बोलले. संध्याकाळी हातमोज्यांची खोकी लावताना डेलफिना ब्रिसेदाला म्हणाली, "तुझ्याआधी एक पोरगी आली होती शाळेतून. गुणी होती. अक्षर मोत्यासारखं. पण हळू. कुठेय आता, ठाऊक आहे?"

"कुठे?"

"मला काय ठाऊक! इथं तर नाही." मग खोके दाबून बसवत म्हणाली, "महिनाअखेरीला एक जागा निघतेय. मी तुझं नाव टाकणारेय. पण मला सोळा लिहिणारी हवी. आणि हो, मधूनच एखादा अठरा टाकत जा. सगळे सोळा बरे दिसत नाहीत."

चौथ्या दिवशी ब्रिसेदाने सोळा लिहिले. सहज लिहून झाले. काहीच झाले नाही. पॅसेजमध्ये डॉ. होल्कम पहिल्यांदाच तिचे नाव घेऊन "थँक यू" म्हणाले.

फिदेन्सियोला क्लिनिकमध्ये आणले तेही तिनेच. बदाम उतरवायचे दिवस होते. झाडांना यंत्र धरून गदागदा हलवायचे, खाली पडलेला माल दुसऱ्या यंत्राने झाडून ओळीत लावायचा. फिदेन्सियो ते झाडायचे यंत्र चालवायचा. पाठीमागे धुळीचा असा लोट उठायचा की रस्त्यावरच्या गाड्या दिवे लावत. खोकला त्याला दरवर्षी व्हायचा. या वेळी तो जाईना. अंगात कणकण होती, आणि ओफेलिया म्हणत होती की पायरी चढले की दम खातात.

"क्लिनिकला या ना," ब्रिसेदा म्हणाली होती. "मी आहे तिथं."

"तू आहेस म्हणून तर येत नाही. माझा खोकला ऐकून तुझी नोकरी जायची."

"नीनो."

"बरं, बरं. येतो."

तो आला तो चर्चचा शर्ट घालून, मोत्याच्या बटणांचा. बूट पुसलेले. हॅट मांडीवर.

नात्यातला पेशंट आपण घेऊ नये, असे शाळेत शिकवले होते. डेलफिना म्हणाली, "रक्ताचा नाही ना? मग घे तूच. तुझ्याशी बोलेल, लवकर आटपेल."

"काय नीनो, कुणाच्या लग्नाला निघालात?" ब्रिसेदा खोलीत शिरत म्हणाली.

"तुझ्या हापिसात यायचं म्हणजे..." तो थांबला. "नीट नको यायला?"

वाक्य तोडून मध्ये त्याने दम घेतला होता. हे आपल्या नंतर लक्षात आले, असे ब्रिसेदा पुढे स्वतःला सांगत राहिली. ते खरे नव्हते. लक्षात तेव्हाच आले होते. फक्त त्याच वेळी बाहेरून डेलफिनाने दारावर दोनदा टकटक केली, आणि त्याचा अर्थ चार नंबरची खोली रिकामी आहे असा होता.

ताप थोडा होता. बोटाला लावलेल्या चिमट्याने ऑक्सिजन चौऱ्याण्णव दाखवला. जरासा कमी, पण कामाने राठ झालेल्या बोटांवर तो चिमटा नेहमीच कुरकुरतो. मग तिने त्याचे मनगट धरले. फिदेन्सियोने लगेच मान फिरवली आणि भिंतीवरच्या हात धुण्याच्या चित्राकडे एकाग्र होऊन बघू लागला. पायरीवर बसायचा तसा. ब्रिसेदाने पंधरा सेकंद नाडी मोजली, चारने गुणली आणि हात सोडला.

त्याने सोडलेल्या मनगटाकडे पाहिले.

"झालं?"

"झालं, नीनो."

"बरं." त्याने बाही खाली ओढली आणि बटण लावले.

डॉ. होल्कम आले. त्यांचे स्पॅनिश मोडके होते म्हणून दोघांच्या मध्ये बोलायला ब्रिसेदाच उभी राहिली. कधीपासून? थोडे दिवस झाले, डॉक्टर. दम लागतो? फिदेन्सियोने ब्रिसेदाकडे पाहिले आणि म्हणाला, "वयाप्रमाणे." डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, स्क्रीनवर नजर टाकली. एक्स-रेसाठी दुसऱ्या गावी जावे लागत असे, आणि श्वास सोळा असलेल्या माणसाला उठवून पिटाळायचे कारण नव्हते. गोळ्या लिहून दिल्या. आठवड्याने दाखवा म्हणाले. दारातून बाहेर पडताना फिदेन्सियोने हॅट डोक्यावर ठेवली आणि काउंटरवरच्या बाईला सांगितले, "ही पोरगी आमची आहे बरं का."

शुक्रवारी सकाळी ब्रिसेदा गाडी काढत होती तेव्हा डाळिंबाच्या झाडाशी अँब्युलन्स उभी होती. स्ट्रेचरवर फिदेन्सियो बसता केलेला होता. आडवे केले की त्याला श्वास घेणे जमत नव्हते. ओठ राखेसारखे. त्याने तिला पाहिले आणि हात उचलायचा प्रयत्न केला. ओफेलिया पायात चपला नसताना मागे धावत होती. ब्रिसेदाने तिला आपल्या चपला काढून दिल्या आणि गाडीतले कामाचे बूट चढवून क्लिनिकला गेली. कारण तास पुरे करायचे होते.

दुपारी फ्रेस्नोच्या इस्पितळातून फोन आला. फिदेन्सियोला घशात नळी घालून श्वासाच्या यंत्रावर ठेवले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंना मंगळवारच्या तपासणीबद्दल विचारायचे होते. डॉ. होल्कम पेशंटमध्ये अडकले होते. डेलफिनाने फोन ब्रिसेदाच्या हातात दिला. "आकडे तू घेतलेस. तूच बोल."

"मंगळवारी श्वास सोळा दिसतोय," पलीकडचा आवाज म्हणाला. तरुण होता, घाईतला, पण वाईट नव्हता. "हा बरोबर आहे का? मी का विचारतेय सांगते. मंगळवारी सोळा असेल आणि आज ही अवस्था असेल, तर हे काहीतरी झपाट्याचं आहे, आणि आम्ही तशीच औषधं चालवतोय. पण आधीपासून हळूहळू चढत आलं असेल तर मी खोऱ्याच्या तापाचा विचार करीन. त्या टेस्टचं उत्तर यायला दिवस जातात. त्याचं औषध किडनीला फार जड, नुसत्या संशयावर मला ते द्यायचं नाहीये."

खोऱ्याचा ताप तिकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतो. मातीतली बुरशी, धुळीबरोबर छातीत जाते.

डेलफिना पाठमोरी उभी राहून कपाटात हातमोजे लावत होती. तिचे हात थांबले होते.

"सोळा," ब्रिसेदा म्हणाली.

"तुम्ही स्वतः मोजलात?"

"हो."

"थँक यू. फार मदत झाली."

फोन ठेवल्यावर डेलफिनाने कपाट बंद केले, आतल्या फ्रिजमधून थंड सोडा आणून तिच्यापुढे ठेवला. "बस जरा." मग हळू आवाजात म्हणाली, "बारा वर्षं मी सोळा लिहितेय. बारा वर्षांत माझ्या हातून कुणी मेलं नाही."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

डेलफिनाने तिच्याकडे पाहिले. बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

शनिवारी इस्पितळात ओफेलियाने नर्सला तिची ओळख करून दिली. "ही माझी पोरगी. दवाखान्यात असते. मंगळवारी हिनेच बघितलं त्यांना." नर्स कौतुकाने हसली. काचेपलीकडे फिदेन्सियो पडला होता, तोंडाशी नळी चिकटपट्टीने बांधलेली, मिशी त्या पट्टीखाली वाकडी दबलेली. बाकी सगळे सोडून ब्रिसेदाला ती मिशी सरळ करावीशी वाटत होती.

ओफेलियाने डब्यातून तामाले आणले होते. दोघी बाकावर बसल्या. ओफेलिया खात नव्हती, तामालेवरचे मक्याचे पान नुसते उलगडून परत मिटत होती.

"मी बावळट आहे गं," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, दम कधीपासून लागतोय. मला वाटत होतं, दहा-बारा दिवस तरी झाले. रात्री पाठीला उशी लावून बसायचे. मी तसं सांगणारच होते. मग आठवलं, मंगळवारी तू बघितलंस तेव्हा ठीक होतं. म्हणजे मलाच आपलं वाटत असेल. सांगितलं, नाही बाई, मंगळवारपर्यंत धड होते."

ब्रिसेदाने डब्याचे झाकण लावले.

"तू होतीस तिथं म्हणून बरं," ओफेलिया म्हणाली. "नाहीतर मी काहीतरी भलतंच सांगून बसले असते."

हे ऐकून ब्रिसेदा उठली आणि बाथरूममध्ये जाऊन आली. परत येऊन बसली. त्या दिवशी तिने कुणालाच काही सांगितले नाही. का नाही सांगितले याचे तिच्याकडे पुढे एकही कारण नव्हते. ती दुपारभर बसली, सांगायचे वाक्य जुळवत राहिली, आणि भेटीची वेळ संपली.

रविवारी तिने सांगितले. प्रार्थनेहून माणसे आली होती, त्यांच्या गर्दीतून वाट काढून ती थेट नर्सच्या टेबलाशी गेली. डॉक्टरीणबाई आल्या. फोनवरचाच आवाज.

"मोजला नव्हता," ब्रिसेदा म्हणाली. "सोळा मी नुसता लिहिला. सगळ्यांनाच लिहितो आम्ही. नीनांनाही विचारा, नीनो रात्रीचे बसून असायचे. त्यांना वाटतंय माझंच बरोबर, म्हणून त्या बोलत नाहीत."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी डोळे मिटून एकदा उघडले आणि नर्सला दोन वाक्ये सांगितली. मग ब्रिसेदाला म्हणाल्या, "टेस्ट शुक्रवारीच पाठवलीय, पण तिची वाट बघत बसत नाही आता. औषध आज सुरू करतो."

"शुक्रवारी सुरू केलं असतं तर?"

"ते सांगता येत नाही."

"अंदाजे?"

"नाही सांगता येत," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

सोमवारी क्लिनिक उघडताच ब्रिसेदाने तेच डॉ. होल्कमना सांगितले. त्यांनी मॅनेजरला बोलावले. मॅनेजरने विचारले, असे करायला कुणी शिकवले. ब्रिसेदाने नाव सांगितले. तिला घरी जायला सांगण्यात आले. दहाच मिनिटांनी डेलफिनालाही. दोघींची गाठ पार्किंगमध्ये पडली. डेलफिनाच्या हातात पिशवी होती, पिशवीत तिचा चहाचा कप आणि कपाटातले जास्तीचे स्वेटर.

"माझं नाव घेतलंस?"

"त्यांनी विचारलं, कुणी शिकवलं."

"आणि शाळेतल्या बाईंनी काय शिकवलं होतं?"

"पुरतं एक मिनिट."

"मग दोघींनी शिकवलं होतं की. त्यातलं तू कुठलं उचललंस?" डेलफिनाचा आवाज चढला नव्हता. "माझं नाव कसं घेतलंस गं, राणी?"

तिने पिशवी मागच्या सीटवर ठेवली. गाडीत बसली. काच खाली करून म्हणाली, "कसेत ते?"

"यंत्रावर."

डेलफिनाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि गाडी काढली.

दुपारी टॅकेटबाईंचा फोन आला. क्लिनिकमधून त्यांना कळवले होते. झालेले तास धरले जाणार नाहीत. दुसरे क्लिनिक तिला घेईल की नाही, हे आत्ता सांगता येणार नाही. हे सगळे त्यांनी वाचून दाखवल्यासारखे सांगितले.

"खरा किती होता?" बाईंनी विचारले.

"माहीत नाही."

"तीस? पस्तीस?"

"माहीत नाही, बाई. बघितलंच नाही."

"हं," बाई म्हणाल्या. "आता तो कुणालाच कळायचा नाही." आणि फोन ठेवला.

ओफेलियाला सांगणे राहिले होते. रविवारी डॉक्टरीणबाईंनी तिला पुन्हा विचारले होते आणि तिने रात्रीच्या उशीचे सांगितलेही होते, पण पुन्हा का विचारले, हे तिने कुणाला विचारले नव्हते. मंगळवारी ब्रिसेदा इस्पितळात गेली. बरोबर आठवड्यापूर्वी याच वेळी तो चर्चच्या शर्टात बसला होता. ओफेलिया पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसली होती, मांडीवर त्याची हॅट.

ब्रिसेदाने उभ्यानेच सांगितले. सगळे. शुक्रवारच्या फोनसकट. वाक्ये जुळवली नव्हती, तुटकतुटक आली.

ओफेलियाने ऐकून घेतले. हॅटच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं?"

"त्यांनी नाही. यांनी." तिने मान पलंगाकडे केली. "त्या दिवशी घरी आले, बूट काढता काढता म्हणाले, आज पोरीने हात लवकर सोडला. मी म्हटलं, म्हणजे? म्हणाले, काही नाही, बाहेर फार माणसं होती. काम असतं बिचारीला. मी म्हटलं, अहो, काही राहिलं होतं तर सांगायचं नाही का तिला? तर म्हणाले, तिच्या साहेबासमोर?" ओफेलिया थांबली. "मला तेव्हा अर्थच कळला नाही गं. हात लवकर सोडला म्हणजे काय, मी विचारलंच नाही."

यंत्राचा आवाज चालू होता. आत ओढल्यासारखा एक, सोडल्यासारखा एक.

ब्रिसेदाला वाटले होते, नीना ओरडेल, निदान जा म्हणेल. ओफेलिया दोन्हीपैकी काहीच म्हणाली नाही. तिने खुर्चीही पुढे सरकवली नाही आणि जागाही करून दिली नाही. ब्रिसेदा पलंगाच्या दुसऱ्या बाजूने गेली. चादरीखालून त्याचा हात काढला. सुजला होता, मनगटाचे हाड बोटांना लागत नव्हते, नाडी शोधावी लागली. ती मोजून झाली तरी तिने बोटे तिथेच ठेवली आणि त्याच्या छातीकडे बघत राहिली. पुरते एक मिनिट.

"किती?" ओफेलियाने विचारले.

"बावीस."

"बरं आहे का ते?"

"तो त्यांचा नाही, नीना. यंत्राला लावून दिलाय तेवढा."

ओफेलियाने मान हलवली, समजल्यासारखी किंवा ऐकू न आल्यासारखी. नर्स औषधाची नवी पिशवी टांगायला आली तेव्हा दोघींनाही बाजूला व्हावे लागले.

बुधवारी दुपारपर्यंत टेस्टचे उत्तर आलेले नव्हते. किडनीचे आकडे सकाळच्यापेक्षा वाढले होते. औषध चालू ठेवायचे की थांबवायचे, ते संध्याकाळी ठरणार होते. यंत्र बावीसवरच होते.